द्वारकाकाकूंच्या खुर्चीत

"ऊठ तिथून."

मी खुर्चीत जेमतेम टेकले होते. बार्शीची एप्रिलमधली दुपार, टेलिफोन एक्स्चेंजमधली सकाळची ड्यूटी संपवून उन्हातून चालत आलेली. समोर वेताची रिकामी खुर्ची दिसली, बसले. त्यात काय एवढं? पण तोडकर काकांचा आवाजच असा आला की चटका बसल्यासारखी मी उठले.

"खाटेवर बस," ते म्हणाले. आवाज लगेच खाली आला होता. "ती हिची जागा आहे."

"मग आधी सांगायचं," मी म्हणाले. कुणी खेकसलेलं मला तेव्हाही चालत नव्हतं आणि आजही चालत नाही.

काका त्यावर चिडले नाहीत. उलट माझ्याकडे जरा बरं वाटल्यासारखं बघत राहिले.

ही म्हणजे द्वारकाकाकू. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. खुर्ची टेबलाच्या पलीकडे, काकांच्या बरोबर समोर होती. मागे खिडकीत त्यांची वातींची परडी तशीच. कापूस पिवळट पडलेला, थोड्या वाती वळलेल्या, थोड्या राहिलेल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. एकुलती मुलगी शालन, तीही काकूंच्या आधी वर्षभर गेलेली, लातूरला, सासरी, बाळंतपणात. गल्लीत या घराबद्दल कुणी फार बोलत नसे. जाता-येता दारातून काका दिसायचे, टेबलाशी बसून रिकाम्या खुर्चीला पत्ते वाटताना. बायका पोरांना पलीकडच्या बाजूने न्यायच्या.

एके काळी हेच काका 'जादूगार शंभू' म्हणून सोलापूर, लातूर, पार गुलबर्ग्यापर्यंत कार्यक्रम करत. लहानपणी मी त्यांना एकदा शाळेच्या गॅदरिंगला पाहिलं होतं. आता त्यांनी सगळं सोडलं होतं. आणि एक दिवस आमच्या दारात येऊन आईला म्हणाले, "तुमच्या कुंदाला पत्त्यांतलं थोडं शिकवीन म्हणतो. दुपारी मोकळी असते ना?"

आईने मला आत बोलावून हळूच विचारलं, "जुगारी करणार आहे का म्हातारा तुला?"

पण तिने नाही म्हटलं नाही. त्या दिवसांत ती माझ्यावर इतकी वैतागली होती की मी दुपारची घराबाहेर असलेली तिला हवीच होती. कारण सांगण्यासारखं आहे. महिन्याभरापूर्वी कुर्डुवाडीचं एक स्थळ मला बघायला आलं होतं. मुलगा पोस्टात, सगळं जमल्यात जमा. मुलाच्या आईने पोहे खात खात विचारलं, "छान झालेत. तूच केलेस ना गं?" मी म्हणाले, "नाही, शेजारच्या काकूंनी केलेत. मी केले असते तर तुम्ही दुसऱ्यांदा घेतले नसते." बशा खाली ठेवल्या गेल्या आणि स्थळही गेलं. आईने ते रडत रडत सगळ्या गल्लीला सांगितलं, "या कार्टीला साधं एक खोटं बोलता येत नाही हो."

ते काकांच्याही कानावर गेलं होतं. त्यांनी मला का निवडलं ते तिथेच होतं, पण हे मला फार उशिरा कळलं. मला वाटलं, एक्स्चेंजमध्ये कॉर्डा खुपसून माझी बोटं चपळ झालीत म्हणून.

"एकच गोष्ट शिकवणार आहे," पहिल्या दिवशी खाटेवर बसवून ते म्हणाले. "दुसरा. तो आला की बाकी काही नाही आलं तरी चालतं."

त्यांनी पत्त्यांचा कॅट डाव्या हातात धरला. वरचा पत्ता उलटून मला दाखवला, बदामची राणी. परत वर ठेवला. मग एकेक पत्ता टेबलावर टाकायला लागले.

"थांब म्हण. वाटेल तेव्हा."

मी बराच वेळ टाकू दिले. टेबलावर ढीग झाला तेव्हा म्हणाले, "थांबा."

त्यांनी पुढचा पत्ता माझ्यासमोर उलटला. बदामची राणी.

"कशी आली?"

"ती कुठेच गेली नव्हती. वरच होती. मी तुला तिच्या खालचे दिले, सगळे वरून दुसरे."

मग त्यांनी हळूहळू करून दाखवलं. डाव्या अंगठ्याने वरचा पत्ता पुढे सरकवायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, हाच येतोय. उजवा हात जवळ आला की अंगठ्याने तो मागे ओढून घ्यायचा आणि त्याच क्षणी खालचा काढून टाकायचा. ऐकायला काही वाटत नाही. पण अंगठा मागे येताना वरच्या पत्त्याची पांढरी कड लुकलुकते. ती दिसली की संपलं. ती न दिसू देण्यात माणसाचं आयुष्य जातं, असं ते म्हणाले.

"आणि दिसली का नाही, हे ठरवायचं कुणी?" मी विचारलं.

"समोरच्याने. खरं बोलणाऱ्याने." त्यांनी खुर्चीकडे बघितलं नाही, पण बघायचं टाळलेलं मला कळलं. "मला खरं सांगणारं माणूस पाहिजे, कुंदा. तेवढ्यासाठीच हा सगळा उपद्व्याप आहे, असं समज."

ते मी कानाआड केलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला शिष्य म्हणून गंडा बांधायला कुणीतरी हवंय, आणि ती मी आहे. माझी कॉलर ताठ झाली.

शिकणं म्हणजे नुसता छळ होता. अंगठ्याच्या कडेची कातडी सोलून निघाली. एक्स्चेंजमध्ये दोन कॉलच्या मधल्या वेळात मी टेबलाखाली कॅट धरून करत बसायचे. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "कुंदा, सोलापूर केव्हाचं ओरडतंय आणि तू पत्ते कुटतेस?" घरी रात्रीची भांडी झाली की आई झोपायची, मी कपाटाच्या आरशासमोर. पावसाळा सरत आला तेव्हा आरशात मला कड दिसेनाशी झाली. मी निरखून निरखून पाहिलं. स्वच्छ. वरचा पत्ता वरच, आणि दुसरा असा येत होता की तोच वरचा वाटावा.

दुसऱ्या दिवशी मी तोऱ्यात जाऊन काकांसमोर केलं. ते खाटेवर बसले होते, मी टेबलाशी.

"दिसलं," ते म्हणाले.

परत केलं.

"दिसलं."

"शक्यच नाही. मी काल तासभर आरशात बघितलंय. काहीही दिसत नाही."

काका हसले. त्या घरात ते हसलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. "आरशात कधीच दिसत नाही, पोरी. कुणालाच नाही. अंगठा मागे येतो ना, त्याच क्षणी तुझा डोळा मिटतो. तुला कळतसुद्धा नाही. हाताने चोरी केली की डोळा आपोआप मिटतो, आणि आपल्याला वाटतं जमलं. मी पाच-सहा वर्षं असाच फसलो होतो. कितीतरी जादूगार असे फसतात, आणि मग स्टेजवर लोक हसतात."

"तुमचा अजून मिटतो?"

"मिटत असेल. मला काय ठाऊक? तो मिटतो तेव्हा मी बघत नसतो." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणून तर हिला समोर बसवायचो. तीस-बत्तीस वर्षं. इकडे माझा सराव, तिकडे तिच्या वाती. दिसलं की म्हणायची, दिसलं. मान वर करून, शांतपणे. लग्न झाल्यापासून पहिली कित्येक वर्षं मी तेवढा एकच शब्द ऐकला तिच्या तोंडून."

तेव्हापासून मला त्या खुर्चीची भीती वाटायला लागली. खोटं कशाला सांगू? मी टेबलाशी बसून पत्ते टाकायचे तेव्हा समोर तीच असायची, वेत खाली झिजलेला, हातांना तेलाचा काळपटपणा. काका खाटेवरून दिसलं म्हणायचे, पण मला ते समोरून ऐकू यायचं. एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून बसले की कधीतरी मधल्या खरखरीतही यायचं. घरी कुणाला सांगायची सोय नव्हती. आईने लगेच नारळ उतरवला असता.

आणि आणखी एक गोष्ट होती. माझी शिकवणी संपली की काका रोज स्वतः टेबलाशी बसत. तोच कॅट, तीच सुरुवात. खुर्चीसमोर पूर्ण कॅट एकदा वाटायचे आणि ठेवून द्यायचे. त्यांच्या उजव्या हाताची सफाई बघत राहावी अशी होती. डावा अंगठा मात्र सांध्यात वाकत नव्हता. काही वर्षांपूर्वी सामानाच्या ट्रंकेचं झाकण त्यावर पडलं होतं.

"कार्यक्रम तर करत नाही तुम्ही," मी एकदा विचारलं. "मग रोज एवढं कशाला?"

"हात आहे तसा राहायला पाहिजे."

"सुधारायला पाहिजे म्हणा."

"नाही. आहे तसा. सुधारायला नको, बिघडायलाही नको." ते इतकं कडक आवाजात म्हणाले की मी चप्पल घालून घरी आले.

दिवाळी होऊन गेली. थंडी पडली. एका दुपारी मी टेबलाशी बसून वाटत होते, आणि काका खाटेवर काहीच बोलले नाहीत. कॅट संपत आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"परत कर."

मी परत केलं. ते उठले, टेबलाच्या अगदी जवळ येऊन वाकले. मी तिसऱ्यांदा केलं.

"नाही दिसलं," ते म्हणाले.

मला हुंदकाच आला. एवढ्या महिन्यांनंतर ते ऐकायला मिळालं होतं. आता ते पाठीवर हात ठेवतील, काहीतरी बोलतील, म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातातून कॅट घेतला, माझी जागा घ्यायला पुढे आले आणि खुर्चीकडे बोट केलं.

"आता तिथे बस."

"मी?"

"बस. ज्याला दुसरा येतो त्यालाच तो दिसतो. म्हणून शिकवला तुला. बस."

म्हणजे एवढ्यासाठी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सात-आठ महिने मी कातडी सोलून घेतली ती याला आरसा पाहिजे म्हणून? पण त्यांचा चेहरा बघितला. माणूस डॉक्टरच्या दारात रिपोर्टची वाट बघत बसतो तसे ते दिसत होते. मी खुर्चीत बसले. वेत करकरला.

त्यांनी एक पत्ता वर ठेवला, इस्पिकचा गुलाम होता, आणि वाटायला सुरुवात केली.

पहिल्याच पत्त्याला मला दिसलं. नुसती कड नाही, चांगला बोटभर पत्ता. तो अंगठा वाकत नव्हता, त्यामुळे मागे येताना सगळा पत्ता तिरका व्हायचा. दुसऱ्याला दिसलं. तिसऱ्याला दिसलं. साध्या माणसाला कदाचित समजलं नसतं की काय झालं. मला आता समजत होतं.

त्यांनी हात थांबवले. "हं?"

आणि मी, जिने पोह्यांवरून स्थळ घालवलं, ती गप्प बसले.

"कुंदा, आईची शपथ घेऊन सांग. दिसलं का नाही?"

"शपथ कशाला? माझ्या शब्दावर विश्वास नाही का?"

"शपथ घे."

"नाही घेणार. आधी सांगा काय भानगड आहे. कार्यक्रम करायचा नाही, काही करायचं नाही, रोज खुर्चीला पत्ते वाटता आणि मला म्हणता आईची शपथ घे. का?"

काका खाली बघत राहिले. मग त्यांनी कॅट टेबलावर ठेवला. डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत धरला.

"अंगठा मोडला त्या वर्षी उस्मानाबादला मोठा कार्यक्रम होता," ते म्हणाले. "तिघं-चौघं जादूगार पुढच्या रांगेत बसणार होते. मला कळत नव्हतं, हात चालतोय का नाही. आरशाचा उपयोग नाही. मी हिला विचारलं. ती म्हणाली, नाही दिसलं. मला खरं वाटेना. म्हटलं, ही मला बरं वाटावं म्हणून सांगतेय. म्हणून मी..." ते थांबले. "मी म्हणालो, शालनची शपथ घे."

मी मागे वळून खिडकीतल्या परडीकडे बघितलं.

"तिने वाती खाली ठेवल्या. मला म्हणाली, असं नका करू. मी ऐकलं नाही. पुन्हा सगळा कॅट वाटला, अस्सा, आजच्यासारखा, आणि म्हटलं, घे शपथ. मग ती म्हणाली, शालनची शपथ, नाही दिसलं." काकांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आणि चार महिन्यांनी शालन गेली."

"काका, बाळंतपणात बायका जातात. त्याचा शपथेशी काय संबंध?"

"तुला नाही वाटत ना, बरं आहे. मला वाटतं. तिलाही वाटत होतं. शालनचे दिवस झाले, त्यानंतर ती या खुर्चीत रोज बसायची, पण एक शब्द बोलली नाही. ना दिसलं, ना नाही दिसलं. वर्षभराने तीही गेली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी त्या दिवशीसारखा हात जपून ठेवलाय, कुंदा. तसाच्या तसा. मला फक्त एवढंच कळायला पाहिजे, तिने पोरीची शपथ घेऊन खोटं सांगितलं का. मी तिच्याकडून सांगवून घेतलं का. आता बोल."

मला त्या माणसाचा संताप आला आणि त्याची दयाही आली, दोन्ही एकदम. स्वतःच्या बायकोला पोटच्या पोरीची शपथ घालणारा माणूस. आणि आता तो रोज त्याच एका दुपारी परत परत जाऊन बसत होता. दिसलं म्हणावं तर द्वारकाकाकू खोट्या ठरत होत्या, आणि काकांच्या लेखी शालन त्या खोट्यानेच गेली असती. नाही दिसलं म्हणावं, तर मला ते जमत नव्हतं.

"परत करा," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा वाटायला सुरुवात केली. मी सगळं लक्ष त्या अंगठ्यावर लावलं. त्यांची लय मला पाठ झाली होती. माझ्या मांडीवरचा माझा अंगठा त्यांच्याबरोबर हलत होता, न सांगता, आपसूक. सर्र, सर्र, सर्र. त्यांनी अर्धा कॅट टाकला आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही. मघाशी तर दिसत होतं. पत्ता तिरका होत होता. आता कड नाही, तिरकेपणा नाही, नुसते पत्ते एकेक येऊन पडत होते.

मला वाटलं, याने हाताची चाल बदलली. मग वाटलं, खुर्चीत कुणीतरी आहे.

"थांबू नका," मी म्हणाले, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी माझी पापणी वर धरून ठेवली, डोळ्यांचा डॉक्टर धरतो तशी.

दिसलं. चांगला बोटभर पत्ता.

बोटं सोडली. सर्र, सर्र. काही नाही.

परत पापणी धरली. दिसलं. तेव्हा मला समजलं. माझा डोळा मिटत होता. हात त्यांचा होता, पण चाल माझ्या अंगठ्यात उतरली होती, आणि त्यांनी चोरी केली की पापणी माझी खाली येत होती. हे त्या चालीमुळे होत होतं, की मला बघायचंच नव्हतं म्हणून होत होतं, देव जाणे. मी स्वतःला त्या दिवसापासून हजारदा विचारलंय आणि उत्तर आलेलं नाही.

काका माझ्याकडे बघत होते. डोळ्याला बोटं लावून बसलेली मी त्यांना काय वाटले असेन कुणास ठाऊक.

"काका, तुमचा हात दिसतो," मी म्हणाले. "स्पष्ट दिसतो. आईची शपथ."

त्यांनी टेबलाची कड धरली.

"पण काकूंना दिसला नसेल," मी घाईघाईने म्हणाले. "ऐका माझं. माझा डोळा मिटतोय. तुम्ही आरशातलं सांगितलं होतं ना, तसा. इथे बसूनसुद्धा. बोटांनी धरला तर दिसतं, सोडला की नाही दिसत."

"आरशात मिटतो तो स्वतःचा हात असतो म्हणून. दुसऱ्याच्या हाताला कशाला मिटेल?"

"मिटतोय ना माझा. तुम्ही बसा इथे. उठा, बसा म्हणते ना."

मी उठले, त्यांच्या दंडाला धरलं आणि त्यांना खुर्चीपाशी आणलं. ते खुर्चीच्या हातावर हात ठेवून उभे राहिले. अडीच वर्षांत ते तिच्यात बसले नव्हते. बसायला जावं तसे वाकले, परत सरळ झाले. शेवटी ते अंग चोरून कडेला बसले, कुणी शेजारी बसलंय तसे.

मी टेबलाशी गेले. कॅट घेतला. त्यांनी मला शिकवलं होतं, दुसरा देताना स्वतःच्या हाताकडे बघायचं नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि वाटायला लागले. मुद्दामच मी लय त्यांचीच धरली आणि अंगठा त्यांच्यासारखा ताठ ठेवला, न वाकवता, म्हणजे पत्ता तिरका होईल.

पहिल्या पत्त्याला त्यांचे डोळे मिटले. दुसऱ्याला मिटले. इतके हलके की वाटावं, नुसती पापणी लवली. पण बरोबर त्याच क्षणी, दर वेळी.

"दिसलं?" मी विचारलं.

"नाही. स्वच्छ आहे तुझा."

"मी मुद्दाम वाईट केला, काका. अंगठा ताठ धरून केला. तुमचे डोळे मिटत होते."

"नाही मिटले."

"मिटले."

"परत कर."

मी परत केलं. ते डोळे ताणून बसले होते, पुढे वाकून, कपाळाला आठ्या घालून. त्यांचा स्वतःचा डावा अंगठा मांडीवर हलत होता. मिटले.

"मिटले?" त्यांनी विचारलं.

"मिटले."

"परत कर."

किती वेळा केलं ते मला माहीत नाही. दर वेळी ते विचारायचे आणि दर वेळी मी तेच सांगायचे. हळूहळू त्यांच्या विचारण्यातला राग गेला. मग एकदा त्यांनी विचारलंच नाही. ते स्वतःच्या मांडीवरच्या अंगठ्याकडे बघत होते.

"पण तिला कुठे येत होता दुसरा?" ते म्हणाले. "तिने तर कधी कॅटला हात लावला नाही. देवाची माणसं आम्ही, म्हणायची, पत्ते शिवत नाही."

इथपर्यंत आणून आता याला सोडायचं कसं?

पण ते माझ्याशी बोलत नव्हते. त्यांनी मागे हात करून खिडकीतली परडी मांडीवर घेतली, कापसाचा एक पेळू बोटांत धरला आणि वात वळायला लागले. म्हणजे वळायचा प्रयत्न केला. अंगठा पुढे, मग मागे. पुढे, मागे. कापूस तुटला.

"तिचा अंगठा माझ्याबरोबर चालायचा," ते म्हणाले. "माझा मागे आला की तिचा मागे. मी रोज बघायचो. मला वाटायचं, वाती वळतेय. शपथेच्या दिवशी वाती खाली होत्या, तरी चालत होता. तीस वर्षं मी तिच्या हाताकडे बघत होतो, कुंदा. डोळ्यांकडे कधी बघितलंच नाही."

"तुमचेही तेव्हा मिटलेले असायचे, काका."

"हो," ते म्हणाले. "माझेही मिटलेले असायचे."

आणि मग ते रडायला लागले. आवाज न करता, परडी मांडीवर धरून. मी उभीच राहिले. म्हातारी माणसं रडली की काय करायचं हे मला कधी कळलं नाही. मी आत जाऊन पाणी आणलं. ते त्यांनी हातात धरलं, प्यायले नाहीत.

"खरंच नव्हतं दिसलं तिला," ते म्हणाले. "खोटं नाही बोलली ती."

"नाही बोलल्या."

हे मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, विचारू नका. द्वारकाकाकूंची पापणी आपोआप लवली, की शपथ घालणाऱ्या नवऱ्यापुढे, मुलीचं नाव ओठांवर आलं तेव्हा त्यांनी ती मुद्दाम मिटून घेतली, म्हणजे मग खोटं बोलावं लागणार नाही, हे सांगायला त्यांच्याशिवाय कुणी नाही. मी त्या खुर्चीत बसले होते म्हणून मला दुसरं जास्त खरं वाटतं. पण काकांना पहिलं पुरेसं होतं, आणि मी दुसरं कधीच बोलले नाही.

काका खुर्चीतून उठले आणि टेबलाशी आपल्या जागी येऊन बसले. पत्ते गोळा केले, पिसले. बोटं अजून ओली होती, पत्ते चिकटत होते.

"तू आता जा," ते म्हणाले. "उद्या नको येऊस. तुला येतो आता."

मी बाहेर आले. ओट्यावर बसून चपलेचा पट्टा लावत होते. ऊन कलायला लागलं होतं, समोरच्या दारात कुणीतरी पापड वाळत घातले होते, ते उचलायची घाई चालली होती. आतून पत्त्यांचा आवाज यायला लागला. सर्र, सर्र, सर्र. तोच. मी तो रोज ऐकायचे. पण आज तो मधेच थांबला.

"अगं," काका म्हणाले.

एवढ्या महिन्यांत मी त्यांना त्या खुर्चीशी एक शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. अडीच वर्षं ते तिला फक्त पत्ते वाटत होते.

"अगं, मी शपथ घालायला नको होती."

मग ते गप्प बसले. माणूस विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत थांबतो तितका वेळ. माझा हात पट्ट्यावर तसाच राहिला. मला उठून जायला हवं होतं, पण मी बसूनच राहिले.

"हं," काका म्हणाले, ऐकून घेतल्यासारखे, आणि पत्ते पुन्हा वाटायला लागले.